एसएमपीएसचा फॅन बदलताना: कामाच्या नोंदी

१२ एप्रिल २०२५

नारायण पेठेत मित्राचं डीटीपीचं दुकान आहे, तिथला मोठा पीसी. मशीनवर दिवसभर वहिनी बसतात, त्यामुळे तक्रार त्यांचीच: "भाऊजी, आधी सकाळी चालू केला की थोडा वेळ घरघरायचा. कालपासून घरघर बंद झालीय, पण मागून गरम वास येतोय."

घरघरणारा फॅन अचानक गप्प झाला की मला जास्त काळजी वाटते. कॅबिनेटचं दार काढून पाहिलं. प्रोसेसरचा फॅन फिरतोय, मागचाही फिरतोय. एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) मागच्या जाळीपाशी टिश्यू पेपरची पट्टी धरली तर ती हलेना. मशीन बंद केलं, प्लग काढला आणि प्लास्टिकच्या केबल टायचं टोक फॅनच्या जाळीतून घालून पातं ढकललं. जड फिरलं आणि लगेच थांबलं. बेअरिंग कोरडं पडलंय. (जाळीतून धातूचं काहीही आत घालायचं नाही. प्लग काढलेला असला तरी नाही. कारण १५ तारखेच्या नोंदीत.)

एसएमपीएस ५५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझ (कार्यक्षमतेचा दर्जा), १२० मिमीचा एकच फॅन. २०१८ साली घेतलेला, वॉरंटी संपलेली. फॅन फिरत नसताना मशीन चालवून चालेल का, हा प्रश्न वहिनींनी लगेच विचारला, कारण अक्षय्य तृतीया ३० तारखेला आहे आणि पत्रिकांची रांग लागलीय. हिशेब असा: प्लगला लावायच्या वॉटमीटरवर हे मशीन कामात असताना १७५ वॉटच्या आसपास घेतं. ब्राँझची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर २५-२६ वॉट एसएमपीएसच्या डब्यातच उष्णता म्हणून राहतात. म्हणजे बंद डब्यात एक २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न दिवसभर चालू ठेवल्यासारखं. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं (चार्ज साठवणाऱ्या भागाचं) तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा ठोकताळा सगळे रिपेअरवाले पाळतात. एप्रिलात पुण्यात दुकानाची हवाच ३७-३८ अंशांची. मशीन बंद ठेवायला सांगितलं. पत्रिका तूर्त छोट्या पीसीवर.

नवा एसएमपीएस घ्यावा की फॅन बदलावा? नवा साधारण साडेचार हजारांना, फॅन पाच-सातशेला. केवळ पैशांसाठी हे काम करू नये असं माझं मत आहे. आतलं बाकी सगळं ठणठणीत असेल तरच फॅन बदलण्यात अर्थ. आणि ज्याच्याकडे ६०० व्होल्ट डीसी मोजणारं बरं मीटर नाही, किंवा मीटर आहे पण त्याच्या वायरींचं इन्सुलेशन तडकलंय, त्याने डबा उघडूच नये. सरळ नवा घ्यावा.

१३ एप्रिल

दुकानात गेलो तेव्हा वहिनी सहज म्हणाल्या, "पावसाळ्यात कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ते पण बघा." ही वेगळी तक्रार आहे, पण सोडून देण्यासारखी नाही.

एसएमपीएसच्या इनपुटला दोन छोटे निळे कपॅसिटर असतात, एक फेजपासून बॉडीला, एक न्यूट्रलपासून बॉडीला. त्यांना वाय कपॅसिटर म्हणतात. अर्थिंग नीट असेल तर त्यांतून येणारा बारीक करंट अर्थच्या वायरने निघून जातो. अर्थिंग तुटलं की सगळी बॉडी २३० च्या निम्म्यावर जाऊन बसते. मीटर लावला: कॅबिनेट ते बेसिनचा लोखंडी नळ, १०८ व्होल्ट एसी. करंट अर्ध्या मिलिअँपिअरच्या आतला, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण आत फेज बॉडीला टेकला तर फ्यूज उडवायला अर्थिंगच नाही, हा खरा धोका.

भिंतीतला सॉकेट तपासला: फेज-न्यूट्रल २२९, फेज-अर्थ २२८, न्यूट्रल-अर्थ दीड व्होल्ट. म्हणजे भिंत ठीक. दोष एक्स्टेन्शन बोर्डात, त्याच्या प्लगमधली हिरवी वायर स्क्रूपाशी तुटलेली. बोर्ड बदलून घेतला. त्यानंतर कॅबिनेट ते नळ शून्याच्या जवळ.

फॅन नवा बसवून मशीन त्याच तुटक्या बोर्डाला लावलं असतं तर "सुरक्षित" काम झालं, असं म्हणता आलं नसतं.

१५ एप्रिल

डबा उघडायचा दिवस. क्रम लिहून ठेवतो, कारण इथे क्रमच महत्त्वाचा.

एसएमपीएस कॅबिनेटमध्ये, मदरबोर्डला जोडलेला असतानाच प्लग ओढला. मागचं बटण नुसतं बंद करणं पुरेसं नाही, वायर हातात दिसली पाहिजे. मग कॅबिनेटचं पॉवर बटण दाबून धरलं. मदरबोर्डवरचा हिरवा दिवा क्षणभर मिणमिणला आणि विझला. आत साठलेला चार्ज मशीनने स्वतःच खाल्ला. नंतर सगळ्या वायरी काढून डबा घरी आणला आणि तासभर टेबलावर ठेवला.

ही पद्धत चालू स्थितीतल्या एसएमपीएसला लागू पडते. ज्याचा आतला स्विचिंगचा भाग मेलाय, त्यात चार्ज खाणारं कुणी उरलेलं नसतं. दिवा विझला याचा अर्थ मग काहीच नसतो. म्हणून दिवा विझला तरी मोजणं टळत नाही.

चार स्क्रू, झाकण वर. फॅन झाकणाला असतो आणि त्याची वायर आखूड असते, त्यामुळे झाकण हळू उचलावं लागतं. फॅनच्या दोन पिना बोर्डवरच्या छोट्या कनेक्टरमध्ये होत्या, सोल्डर केलेल्या नव्हत्या. काम निम्म्याने सोपं झालं.

आत डाव्या बाजूला मोठा काळा कपॅसिटर: ४०० व्होल्ट, ३९० मायक्रोफॅरड. अशा डब्यात अॅक्टिव्ह पॉवर फॅक्टर करेक्शन (पीएफसी) सर्किट असतं, त्यामुळे या कपॅसिटरवर चालू असताना ३८० व्होल्टच्या आसपास डीसी असतो. साठलेली ऊर्जा २८ ज्यूल निघते. घरातला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) इथे काही कामाचा नाही. प्लग काढलेला आहे, कपॅसिटर स्वतःच सोर्स आहे, आणि त्याच्या एका पिनेपासून दुसरीपर्यंत तुमचा हात आला तर आरसीसीबीला कळणारसुद्धा नाही.

मोजायचं कुठे, यावर थोडं विस्ताराने. अनेकजण वरून हाताला येतो म्हणून ब्रिज रेक्टिफायरच्या (एसीचा डीसी करणाऱ्या भागाच्या) प्लस-मायनसवर मीटर लावतात. जुन्या, पीएफसी नसलेल्या डब्यात ते एकवेळ चालतं. इथे ब्रिज आणि कपॅसिटरच्या मध्ये पीएफसीची कॉइल आणि डायोड आहे. डायोड उलट दिशेला वाट देत नाही. ब्रिजवर शून्य दिसेल आणि कपॅसिटर भरलेला असेल. म्हणजे मोजमाप कपॅसिटरच्याच पायांवर हवं, आणि ते पाय बोर्डाच्या खाली असतात. जुन्या डब्यांत २०० व्होल्टचे दोन कपॅसिटर असतात, तिथे दोन्ही वेगवेगळे मोजायचे.

बोर्डाचे चार स्क्रू काढले, कडेने धरून बोर्ड उभा केला. खालच्या बाजूला बोटं नाहीत. अॅल्युमिनियमच्या हीटसिंकलाही (उष्णता शोषणाऱ्या पट्टीलाही) नाहीत: प्रायमरी (मेन्सच्या) बाजूची हीटसिंक काही डब्यांत थेट हाय व्होल्टेजच्या लाइनवर बसवलेली असते, ती "नुसतं अॅल्युमिनियम" नसते. घड्याळ आणि अंगठी काढलेली, एक हात पाठीमागे. मनगटाचा अँटिस्टॅटिक पट्टा मदरबोर्डच्या कामाला, इथे नाही, तो माणसाला अर्थला बांधून ठेवतो.

मीटर आधी ९ व्होल्टच्या बॅटरीवर तपासला, मग कपॅसिटरवर लावला, मग पुन्हा बॅटरीवर. मधल्या रीडिंगला शून्य आलं आणि मीटरची वायरच तुटलेली होती, असं व्हायला नको. कपॅसिटरवर ३.२ व्होल्ट. तरीही २.२ किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी दहा सेकंद लावून ठेवला. या जोडीचा टाइम कॉन्स्टंट एक सेकंदाच्याही आत येतो, त्यामुळे ३८० व्होल्ट असते तरी पाचेक सेकंदांत रिकामं झालं असतं. काढल्यावर पुन्हा मोजलं, कारण मोठे कपॅसिटर थोडं व्होल्टेज परत "उगवतात".

स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून शॉर्ट करण्याची पद्धत मी पुष्कळ दुकानांत पाहिली आहे. फटाका वाजतो, ट्रॅक उडतो, कपॅसिटरच्या आतल्या जोडांना धक्का बसतो, आणि ठिणगी डोळ्याच्या पातळीला असते. रेझिस्टर दहा-वीस रुपयांना मिळतो.

आतली तपासणी: एकही कपॅसिटर फुगलेला नाही, गळती नाही, बोर्ड कुठे करपलेला नाही. घट्ट बसवायला वापरलेला गोंद पांढराच आहे. तो तपकिरी, ठिसूळ झालेला असता तर मी थांबलो असतो. काही जुने गोंद तापून वीजवाहक होतात. धूळ मात्र भरपूर, आणि कागदाची भुकटी मिसळलेली. प्रिंटिंगच्या दुकानात तेच अपेक्षित. गच्चीवर मास्क लावून मऊ ब्रश आणि ब्लोअर. फॅन आधीच वेगळा काढला होता, नाहीतर ब्लोअरने तो जनरेटरसारखा फिरून बोर्डला व्होल्टेज देऊ शकतो.

जुन्या फॅनवर लिहिलंय: डीसी १२ व्होल्ट, ०.२५ अँपिअर. आकार १२० × १२० × २५ मिमी. मागचा स्टिकर काढून शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडला तर फिरायला लागला. घरचं मशीन असतं तर आणखी काही महिने असंच ढकललं असतं. दुसऱ्याच्या धंद्याच्या मशीनला ते नको. पण हा तेल घातलेला फॅन चाचणीसाठी उपयोगी पडेल.

१७ एप्रिल

फॅन विकत घेण्याआधी एक आकडा हवा होता: हा बोर्ड फॅनला नेमके किती व्होल्ट देतो. एसएमपीएसमधला फॅन सतत १२ व्होल्टवर नसतो. हीटसिंकला चिकटवलेला थर्मिस्टर (तापमान ओळखणारा भाग) तापतो तसं कंट्रोल सर्किट व्होल्टेज वाढवतं. थंड असताना ते चार-पाच व्होल्टच देतं. नवा फॅन तेवढ्यावर सुरूच झाला नाही, तर डबा बराच तापेपर्यंत तो उभाच राहणार. बाहेरून सगळं शांत, छान. "एकदम सायलेंट झाला" असं म्हणणाऱ्यांपैकी किती जणांचा फॅन खरोखर फिरत असतो, देव जाणे.

उघड्या डब्यात चालू करून मोजायची गरज नाही. बोर्डच्या फॅन कनेक्टरला दोन पातळ वायरी जोडल्या, जोडांवर हीट श्रिंक स्लीव्ह घातली, वायरी फॅनच्या जाळीतून बाहेर काढल्या. धारेला वायर सोलू नये म्हणून तिथेही एक स्लीव्ह. मग बोर्डाचे चारही स्क्रू आणि झाकणाचे चारही स्क्रू घट्ट, डबा पूर्ण बंद. तेल घातलेला जुना फॅन जाळीवर बाहेरून ठेवला, हवा आत जाईल असा. आता २३० आणि ३८० व्होल्ट सगळे डब्यात बंद, आणि माझ्या हातात फक्त फॅनचे दोन तार.

लोडला गाडीच्या हेडलाइटचे एच-४ बल्ब घेतले. १२ व्होल्टच्या पिवळ्या आणि काळ्या वायरींवर एकेक करून लावले. थंड फिलामेंट सुरुवातीला खूप करंट ओढतं, सगळे एकदम लावले तर एसएमपीएसचं प्रोटेक्शन बंद पाडतं. बल्ब फरशीच्या तुकड्यावर ठेवले, भाजतात. २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर शेजारच्या काळीला क्लिपने जोडली की डबा मदरबोर्डशिवाय चालू होतो.

रीडिंग: चालू केल्या केल्या ४.४ व्होल्ट. दोन बल्बांवर वीस मिनिटांनी ५.१. तीन बल्ब आणि दुपारची खोली, ६.३. काही डबे चालू होताना फॅनला क्षणभर पूर्ण १२ व्होल्टची लाथ मारतात. हा मारत नाही, पहिल्या क्षणापासून ४.४ च.

म्हणजे अट ठरली. ४.४ च्या खाली, पातं कुठल्याही कोनात थांबलेलं असलं तरी फॅन स्वतःहून सुटला पाहिजे.

१९ एप्रिल

तपकीर गल्ली. खिशात तीन पेन्सिल सेलचा होल्डर घेऊन गेलो. तीन नवे सेल म्हणजे साडेचार व्होल्टच्या थोडं वर, दुकानातल्या पहिल्या चाळणीला पुरेसं जवळ, खरी परीक्षा डब्यावरच.

दुकानातल्या काकांनी आधी रंगीत दिवे लागणारा फॅन पुढे केला. नको म्हटल्यावर "सायलेंट"वाला. सायलेंट बहुधा हजार आरपीएमच्या आतला असतो. कॅबिनेटला ठीक, पण एसएमपीएसमध्ये हीटसिंक, कॉइली, वायरींचा गुंता यांतून हवा ढकलायला दाब लागतो. फक्त डेसिबल बघून फॅन निवडला तर आपण आवाज नाही, थंडावा कमी केलेला असतो. उलट टोकाला ०.५-०.६ अँपिअरचे फॅनही मिळतात. ते या बोर्डच्या फॅन सर्किटला जड जातील, तिथे मूळ फॅन ०.२५ चा होता. अँपिअर त्याच्या बरोबरीचे किंवा कमी, पण वेग आणि हवा मूळच्या जवळची, असं हवं.

चार वायरींचा पीडब्ल्यूएम (वेगाचा सिग्नल वेगळ्या वायरीवरून घेणारा) फॅन दोन वायरींवर चालतो, पण त्याच्या आतल्या चिपला कधी कधी पाच-सहा व्होल्टांशिवाय जाग येत नाही. होल्डर लावून बघितलं. पहिला नुसता थरथरला. दुसरा पातं योग्य कोनात असेल तर सुटायचा, नाहीतर नाही. असा फॅन सगळ्यात फसवा.

"साहेब, सेल कशाला? इथे बारा व्होल्टचा सप्लाय आहे की," काका म्हणाले.

"बारावर सगळेच फिरतात, काका."

ते हसले आणि आतून तीन वायरींचा, डबल बॉल बेअरिंगचा फॅन काढला. १२ व्होल्ट, ०.२० अँपिअर, २५ मिमी जाडीचा. सेलवर प्रत्येक कोनातून सुटला. बॉल बेअरिंगला बारीक सरसर आवाज असतो, बुशवाल्यापेक्षा (साध्या तेलाच्या बेअरिंगपेक्षा) जास्त. पण या कॅबिनेटमध्ये फॅन आडवा, पातं खाली तोंड करून बसतो आणि सतत गरम हवेत असतो. अशा ठिकाणी साध्या बुशचं तेल लवकर संपतं, जुना त्यानेच गेला. छापखान्याच्या शेजारी बारीक सरसर कुणाला ऐकू येणार आहे?

बरोबर ३ मिमी आणि ५ मिमीच्या हीट श्रिंक स्लीव्ह घेतल्या.

२० एप्रिल

बसवणं हा सगळ्यात छोटा भाग. उघडण्याआधी १५ तारखेचाच क्रम: प्लग, थांबणं, मोजणं, रेझिस्टर, पुन्हा मोजणं. तेव्हा कपॅसिटर रिकामा केला होता हे खरं, पण १७ तारखेला डबा चालू झाला होता.

जुन्या फॅनची वायर थोडी लांब ठेवून कापली, म्हणजे मूळ कनेक्टर वापरता आला. लाल-लाल, काळा-काळा. जोडण्याआधी कनेक्टरची बाजू आणि बोर्डवरची प्लसची खूण जुळवून पाहिली, रंगांवर विसंबलो नाही. आधी स्लीव्ह ओवायची, मग सोल्डर, मग स्लीव्ह सरकवून तापवायची. दोन्ही जोड एकमेकांपासून मागेपुढे ठेवले. काळी चिकटपट्टी इथे नको: गरमीत डिंक पातळ होतो, पट्टी सुटते आणि फॅनच्या पात्यात जाते. पिवळी वायर वेग सांगण्याची, बोर्डला तिची जागा नाही. कापून टोकावर स्लीव्ह घालून बंद केली.

फ्रेमवरचा हवेच्या दिशेचा बाण डब्याच्या आत. जुन्या फॅनच्या एका कोपऱ्यावर पारदर्शक प्लास्टिकची पट्टी होती, ती नव्यावर त्याच जागी. ती पॅकिंगची राहून गेलेली पट्टी समजून काही जण फेकून देतात. मागच्या जाळीजवळची हवा लगेच बाहेर न जाता आधी आतल्या गरम भागांवरून जावी, म्हणून ती असते. स्क्रूसुद्धा जुनेच, लांब स्क्रू आत शिरून भलतीकडे टेकतात.

बोर्डाखालचा इन्सुलेशनचा पातळ कागद सपाट, कुठे दुमडलेला नाही. बोर्डाचा एक स्क्रू दातेरी वॉशरसह अर्थसाठी असतो, तो त्याच भोकात. फॅनची वायर हीटसिंकपासून लांब, नायलॉनच्या टायने बांधलेली.

झाकण लावून प्लगच्या अर्थ पिनपासून बॉडीपर्यंत मोजलं, ०.२ ओहम. फेज आणि न्यूट्रलच्या पिनांपासून बॉडीपर्यंत ओपन. मीटरची ही चाचणी म्हणजे मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) नव्हे, पण उघड शॉर्ट असेल तर सापडतो.

पहिल्यांदा वीज सिरीज बोर्डवरून, ६० वॉटचा बल्ब मध्ये घालून. बल्ब क्षणभर पेटला, कपॅसिटर भरला आणि विझला. पेटलेलाच राहिला असता तर आत शॉर्ट. सिरीज बल्बवरून फक्त स्टँडबाय (मशीन बंद असतानाही मिळणारा सप्लाय) तपासायचं, लोड द्यायचा नाही. नंतर सरळ सॉकेट.

२१ एप्रिल

बल्बांच्या लोडवर दोन तास. १२ ची लाइन १२.०८, ५ ची ५.०३, ३.३ ची ३.३४, स्टँडबाय ५.०६. एटीएक्सच्या (पीसी सप्लायच्या मानकाच्या) नियमाप्रमाणे या सगळ्यांना ५ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे १२ ला ११.४ ते १२.६. सगळं मध्यावर आहे.

फॅन प्रत्येक वेळी लगेच सुटतो. मुद्दाम डबा पूर्ण थंड होऊ देऊनही पाहिलं, कारण खरी परीक्षा सकाळच्या पहिल्या चालू करण्याची आहे. खोली ३७ अंश, बाहेर पडणारी हवा ४६.

२६ एप्रिल

डबा दुकानात बसून चालतोय, पत्रिका सुटताहेत. वहिनींनी छोट्या पीसीकडे बोट दाखवलं: "भाऊजी, याचाही फॅन आवाज करतो. तोही बदलून द्या ना."

तो एसएमपीएस हातात घेतला तेव्हाच हलका लागला. ८० मिमीचा फॅन, पीएफसी नाही, मागे ११५/२३० चा लाल स्विच. जाळीतून टॉर्च मारला तर आउटपुटच्या बाजूचे दोन कपॅसिटर वरून फुगलेले स्पष्ट दिसतात, एकाच्या डोक्यावर तपकिरी डाग. याला नवा फॅन बसवला तर तो मरणाऱ्या डब्याला वारा घालत बसेल, आणि मरताना तो मदरबोर्डला काय देईल ते सांगता येत नाही. नाही म्हणालो. ४५० वॉटचा नवा मागवलाय, सोमवारी बसवेन. जुना भंगारात देण्याआधी उघडून दोन्ही मेन कपॅसिटर मोजून रिकामे करायचे आहेत.